तात्पर्य : पैसे मनिऑर्डरनं पाठवावेत

आपल्याकडे शाळेत गोष्ट संपली की एक शब्द दबा धरून बसलेला असतो. तो शब्द म्हणजे ‘तात्पर्य’. ससा झोपला, कासव जिंकलं, मुलं हसली. हसू अजून ओठांवर असतं तोच फळ्यावर खडूनं तात्पर्य उमटतं आणि मुलं हसू आवरून ते वहीत उतरवून घेऊ लागतात. मीही असा मुलगा होतो आणि पुढे काही वर्षं असा मास्तरही होतो. म्हणून आज मी तुम्हाला एका अशा पुस्तकाची हकिकत सांगणार आहे, ज्याच्या शेवटच्या प्रकरणात तात्पर्याचीच मस्त फिरकी घेतलेली आहे. पुस्तक मुलांचं आहे, विनोदी आहे आणि जर्मन आहे. नाव ‘एमिल आणि गुप्तहेर’. लेखक एरिश केस्टनर. साल १९२९.

हे पुस्तक माझ्या हाती लागलं मुंबईत, फाउंटनच्या फुटपाथवर. इंग्रजी अनुवाद, पफिनची जुनी प्रत, पाठीचा कागद निघालेला. तेव्हा मी पंचविशीत होतो. बी. ए. झालो होतो, दिवसा एका कचेरीत कारकुनी करायचो आणि संध्याकाळी मध्य मुंबईतल्या एका मराठी रात्रशाळेत शिकवायला जायचो. साल १९९३. जून महिना.

त्या वर्षाबद्दल मुंबईकरांना वेगळं काही सांगायला नको. १९९२चा डिसेंबर आणि १९९३चा जानेवारी या शहरानं दंगलीत काढला होता आणि मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या वर्गात मुलं तीच होती, पण बाकं बदलली होती. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. रत्नागिरी-साताऱ्याकडची हिंदू मुलं खिडकीच्या बाजूला आणि महाड-खेडकडची मुसलमान मुलं भिंतीच्या बाजूला. दोन्हीकडची पोरं दिवसभर राबून आलेली. कुणी चहाच्या टपरीवर, कुणी शिंप्याकडे काजं-बटणं करायला, कुणी छापखान्यात. आणि समोर टेबलापाशी उभा असलेला मास्तर महाडकडचा मुसलमान. मी कुठल्या बाजूला बघून बोलतो, याकडे मुलांचं बारीक लक्ष असायचं.

शेवटचा तास रात्री पावणेनऊचा. त्या तासाला व्याकरण शिकवणं म्हणजे झोपलेल्या माणसाला अंगाईगीत म्हणण्यासारखं. एका रात्री मी पिशवीतून ‘एमिल’ काढला आणि इंग्रजी वाचत वाचत तिथल्या तिथं मराठीत सांगू लागलो.

गोष्ट साधी आहे. नॉयश्टाट नावाच्या लहान गावात एमिल टिशबाइन आपल्या आईबरोबर राहतो. वडील नाहीत. आई घरीच बायकांचे केस धुऊन-विंचरून देते आणि त्यावर दोघांचं भागवते. सुट्टीत एमिल आजीकडे बर्लिनला निघतो. आई त्याच्याजवळ १४० मार्क देते. १२० आजीसाठी, २० त्याच्या खर्चासाठी. पाकीट हरवू नये म्हणून एमिल ते कोटाच्या आतल्या अस्तराला टाचणीनं टोचून ठेवतो. डब्यात समोर ताठ काळ्या टोपीचा एक गृहस्थ बसलेला असतो. तो चॉकलेट देतो, थापा मारतो. एमिल झोपू नये म्हणून धडपडतो, आणि झोपतो. जागा होतो तेव्हा टोपीवाला नाही, पाकीटही नाही.

‘एमिल झोपला’ हे वाक्य मी म्हटलं आणि भिंतीकडच्या बाकावरून एक डुलकी घेणारा पोरगा दचकून उठला. त्यानं नकळत खिसा चाचपला. सगळा वर्ग हसला. खिडकीकडचा हसला, भिंतीकडचाही हसला. त्या जूनमध्ये मी त्या वर्गाला एकाच वेळी हसताना पहिल्यांदा पाहिलं.

मुलांना हे पुस्तक समजावून सांगावं लागलं नाही, याचं कारण हे १४० मार्क. आईनं पै-पै करून साठवलेले पैसे म्हणजे काय, हे त्या वर्गात मला कुणालाच शिकवायचं नव्हतं. एक मुलगा उठून म्हणाला, “सर, माझे तीनशे रुपये दादरला गेले होते. महिन्याचा पगार. घरी काय सांगू ते कळेना, म्हणून मी दोन दिवस गेलोच नाही.” कुणी हसलं नाही. मग दुसरा म्हणाला, “पुढं वाचा सर, चोर सापडतो ना?”

चोर सापडतो, आणि कसा सापडतो हेच पुस्तकाचं मर्म आहे. एमिल पोलिसांकडे जात नाही, कारण गावातल्या एका सरदाराच्या पुतळ्याला त्यानं लाल नाक आणि मिशा काढलेल्या असतात. आपल्याला आता तुरुंगात टाकतील असं त्याला वाटतं. म्हणून तो एकटाच चोराच्या मागावर निघतो. वाटेत त्याला भोंपू वाजवणारा गुस्ताव भेटतो. गुस्ताव आपली टोळी जमवतो. त्यात चष्मेवाला ‘प्रोफेसर’ असतो आणि छोटा डीन्स्टाग असतो. डीन्स्टाग म्हणजे जर्मनमध्ये मंगळवार. माझ्या वर्गानं त्याचं त्याच रात्री ‘मंगळ्या’ करून टाकलं. मुलं सभा घेतात, वर्गणी काढतात, पाळत ठेवतात आणि ‘एमिल’ हाच परवलीचा शब्द ठरवतात. मंगळ्याला काम मिळतं ते सगळ्यात कंटाळवाणं. त्यानं घरी टेलिफोनपाशी बसायचं आणि निरोप पोचवायचे. बाकीचे गंमत करतात, हा बिचारा फोनजवळ. शेवटी शंभरेक मुलं त्या टोपीवाल्याला घेरून चालू लागतात. चोर बँकेत नोटा बदलायला जातो, नाव विचारलं की दर वेळी नवं नाव सांगतो, आणि अखेर पकडला जातो तो टाचणीच्या भोकांमुळे. एमिलच्या नोटांना टाचणीची भोकं असतात.

आम्ही भाग वाटून घेऊन वाचू लागलो. मी सांगायचो, मुलं आपापल्या वहीत आपापले संवाद लिहायची. गुस्ताव व्हायला दहा जण तयार. मंगळ्या व्हायला कुणी नाही. शेवटी छापखान्यात काम करणारा एक अबोल मुलगा म्हणाला, “मी होतो. मला नाही तरी बसूनच काम असतं.”

या पुस्तकाचा लेखक कोण, हे मी त्या वेळी मुलांना फारसं सांगू शकलो नाही. मलाच माहीत नव्हतं. पुढच्या वर्षांत शोधत, वाचत गेलो आणि पुस्तक आणखी मोठं होत गेलं.

एरिश केस्टनरचा जन्म २३ फेब्रुवारी १८९९ रोजी ड्रेस्डेन शहरात झाला. वडील खोगीर बनवणारे कारागीर. स्वतःचा धंदा चालेना म्हणून पेट्या-बॅगांच्या कारखान्यात मजुरीला लागलेले. आई इडा संसाराला हातभार म्हणून केशभूषा शिकली आणि घरीच गिऱ्हाइकं घेऊ लागली. म्हणजे कादंबरीतली आई लेखकानं फार लांबून आणलेली नाही. घरातली एक खोली भाड्यानं दिलेली असायची आणि भाडेकरू असायचे शाळामास्तर. त्यांच्या टेबलावरची लाल शाई, वह्यांचे गठ्ठे पाहत मुलगा वाढला आणि त्यानं ठरवलं, आपणही मास्तर व्हायचं. गरीब घरातल्या हुशार मुलाला तेव्हा हाच रस्ता परवडण्यासारखा होता. आपल्याकडच्या ट्रेनिंग कॉलेजातून गेलेल्या कितीतरी लेखकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

१९१३ साली तो शिक्षकांच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाला. पुढे आपल्या बालपणाच्या आठवणींत त्यानं त्या विद्यालयाला बराकीची उपमा दिली. वरिष्ठ समोरून आले की ताठ उभं राहायचं, हुकूम झाला की पाळायचा. अशा ठिकाणी जो मास्तर तयार होतो, तो वर्गात जाऊन पुन्हा हुकूम पाळणारी मुलंच तयार करतो, हे त्याला दिसलं. १९१७मध्ये त्याला सैन्यात ओढलं गेलं. तिथल्या कवायतीनं त्याच्या हृदयाला जन्माचं दुखणं लागलं. युद्ध संपल्यावर त्यानं मास्तरकीचा नाद सोडला. मुलांसमोर उभं राहिल्यावर त्याला कळून चुकलं होतं, की आपल्याला शिकवायचं नाही, शिकायचं आहे. तो लाइपत्सिगला गेला, १९२५मध्ये डॉक्टरेट मिळवली, वर्तमानपत्रांत लिहू लागला. एका कवितेवरून वादळ झालं, नोकरी गेली. १९२७मध्ये तो बर्लिनला आला.

तिथं त्याला एडिथ याकोबसोन भेटल्या. या बाईंचं मुलांच्या पुस्तकांचं प्रकाशनगृह होतं. त्यांनी या कवीला सुचवलं, तुम्ही मुलांसाठी लिहून पाहा. कवी आणि टीकालेखक असलेल्या माणसाला ही सूचना विचित्रच वाटली असणार. पण त्यानं लिहिलं आणि वॉल्टर ट्रिअर या चित्रकारानं चित्रं काढली. १९२९च्या शरदात पुस्तक बाजारात आलं.

या पुस्तकाची प्रस्तावनाही विनोदी आहे. लेखक सांगतो, मला खरं तर दक्षिण समुद्रातली अद्भुत कादंबरी लिहायची होती, पण देवमाशाला पाय किती असतात ते आठवेना आणि गाडी तिथंच अडली. कॉफी हाउसमधला ओळखीचा वाढपी त्याला सांगतो, जे पाहिलंय त्याबद्दल लिहा. मग लेखक घरी जमिनीवर उताणा पडतो, टेबलाचे पाय बघत राहतो, आणि त्यातून नायकाचं आडनाव निघतं. टिशबाइन म्हणजे टेबलाचा पाय! कल्पनेची भरारी वगैरे न सांगता लेखकानं मुलांना एका फटक्यात सांगून टाकलं, की गोष्ट आपल्या खोलीतच असते.

त्या काळी मुलांच्या पुस्तकांत राजपुत्र असत, पऱ्या असत, आज्ञाधारक बाळं असत. केस्टनरनं खरं बर्लिन आणलं. तिथली ट्राम, टॅक्सी, हॉटेल, बँक, टेलिफोन. स्वतःलाही त्यात घातलं. ट्राममध्ये एमिलकडे तिकिटाचे पैसे नसतात, तेव्हा एक गृहस्थ ते भरतो. तोच पुढे पत्रकार म्हणून येतो आणि त्याचं नाव केस्टनर असतं. लेखकानं आपल्या नायकासाठी करायचं ते एवढंच, त्याचं तिकीट काढून द्यायचं. पुढचं मुलं बघून घेतात.

पुस्तक झपाट्यानं खपलं, अनेक भाषांत गेलं. इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत जर्मन शिकवण्यासाठी त्याच्या खास आवृत्त्या निघाल्या, मागे शब्दार्थ आणि स्वाध्याय जोडून. परकी भाषा शिकणाऱ्याला सोपं वाक्य हवं असतं आणि पुढं काय होतं ही ओढ हवी असते. इथं दोन्ही होतं. १९३१च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये त्यावरचा बोलपट झळकला. दिग्दर्शक गेऱ्हार्ड लाम्प्रेख्त आणि पटकथाकार एक तरुण, जो पुढे हॉलिवूडमध्ये बिली वाइल्डर म्हणून जगप्रसिद्ध झाला.

आणि मग १९३३ साल उजाडलं. हिटलर सत्तेवर आला. १० मे १९३३च्या रात्री बर्लिनच्या ऑपेरा चौकात पुस्तकांची होळी झाली. पुस्तकं आणून टाकणाऱ्यांत विद्यापीठातले विद्यार्थी होते, ही गोष्ट मास्तर म्हणून मला नेहमी टोचत आली आहे. लेखकांची नावं पुकारली जात होती आणि त्यांची पुस्तकं आगीत पडत होती. पुकारलेल्या नावांत एरिश केस्टनर हे नाव होतं, आणि तो स्वतः त्या गर्दीत उभा राहून ते ऐकत होता. गर्दीतल्या एका बाईनं त्याला ओळखलं, मोठ्यानं नाव घेतलं. तो तिथून निघून गेला.

‘एमिल’ला मात्र सुरुवातीला हात लागला नाही. इतकं लाडकं पुस्तक जाळायचं म्हणजे घराघरांतल्या मुलांना उत्तर द्यावं लागलं असतं. काही वर्षांनी तेही गुपचूप दुकानांतून दिसेनासं झालं. केस्टनरला जर्मनीत छापायची बंदी झाली. त्याची पुस्तकं स्वित्झर्लंडमध्ये छापली जाऊ लागली. गेस्टापोनं त्याला दोनदा धरून नेलं आणि सोडलं. प्रकाशिका एडिथ याकोबसोन ज्यू होत्या. त्या देश सोडून गेल्या आणि १९३५च्या अखेरीस लंडनमध्ये वारल्या. चित्रकार ट्रिअर ज्यू. तोही १९३६मध्ये लंडनला गेला, पुढे कॅनडाला. वाइल्डर १९३३मध्येच निघून गेला होता. त्याची आई मागे राहिली आणि नाझींच्या संहारात मारली गेली. म्हणजे या हसऱ्या पुस्तकाच्या आणि चित्रपटाच्या मागे उभी असलेली माणसं चारी दिशांना फेकली गेली.

केस्टनर स्वतः मात्र जर्मनीतच राहिला. आपण जे घडतंय त्याचे साक्षीदार राहिलं पाहिजे, असं तो म्हणे. आईला सोडून जाववत नव्हतं हेही खरं. पण त्याला नुसतं वीर म्हणून मोकळं होता येत नाही. पोट भरायला त्यानं टोपणनावानं लिहिलं. १९४३च्या ‘म्युन्चहाउझेन’ या सरकारी थाटाच्या चित्रपटाची पटकथाही त्याचीच. गप्प राहून जगणं आणि थोडं वाकून जगणं यांत अंतर किती, हा प्रश्न तो आपल्यासमोर ठेवून गेला. दंगलीनंतरच्या मुंबईत ज्यांनी दारावरची नावाची पाटी काही दिवस काढून ठेवली, त्यांच्यातला मी एक. मला त्याच्यावर निकाल द्यायचा नाही.

याहून कठीण गोष्ट पुढे आहे. १९३१च्या त्या चित्रपटात एमिल झालेला रोल्फ वेंकहाउस हा मुलगा मोठा होऊन हवाई दलात गेला आणि १९४२मध्ये त्याचं विमान पाडलं गेलं. गुस्ताव झालेला हान्स योआखिम शाउफुस १९४१मध्ये रशियाच्या आघाडीवर मेला. आणि आमचा मंगळ्या, तो टेलिफोनजवळ बसणारा छोटा डीन्स्टाग? ते काम केलं होतं हान्स अल्ब्रेख्त लोर या मुलानं. केस्टनरचा हा चिमुकला वाचक आणि दोस्त. तोही १९४२मध्ये, विशीतच, पूर्वेच्या आघाडीवर मारला गेला. २०१६ साली या दोघांच्या मैत्रीवर जर्मनीत एक चित्रपट निघाला.

हे मला कळलं तेव्हा मी रात्रशाळा सोडून बरीच वर्षं झाली होती. पहिला विचार आला तो छापखान्यातल्या त्या अबोल मुलाचा. दुसरा विचार असा, की मग उपयोग काय झाला? ज्या मुलांनी पडद्यावर एकमेकांना साथ देऊन चोर धरला, त्याच मुलांना हुकूम सुटला आणि ती दुसऱ्या देशावर चालून गेली. हसणारं पुस्तक बंदुकीची गोळी अडवत नाही. शाळेत विनोदी पुस्तक वाचलं म्हणजे मुलं शहाणी होतात, असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसणार नाही.

पण एक फरक मला दिसतो. त्या मुलांनी पुस्तक विसरावं म्हणून एका राज्यसत्तेला होळी पेटवावी लागली, लेखकाचं तोंड बंद करावं लागलं, प्रकाशिकेला देशोधडीला लावावं लागलं, आणि शाळेतली प्रत्येक भिंत हुकुमानं रंगवावी लागली. एका हसऱ्या गोष्टीच्या विरोधात केवढी ही तयारी! हुकूम देणाऱ्याला माहीत असतं, की जी मुलं सभा घेऊन, वर्गणी काढून, आपसात काम वाटून घेऊन एक गोष्ट तडीस नेतात, त्यांना हुकमाची सवय लावायला वेळ लागतो.

मास्तर म्हणून माझं काय चुकलं तेही सांगतो. तिसऱ्या-चौथ्या रात्री मला वाटलं, आपण नुसतं हसवतोय, शिकवत काहीच नाही. म्हणून मी फळ्यावर प्रश्न लिहिले : एमिलच्या स्वभावाचे चार गुण सांगा, पाकीट चोरीला जाण्याची कारणे लिहा. पाच मिनिटांत वर्गाची दशा अशी झाली, की जणू टोपीवाला डब्यातून उतरून माझ्या वर्गात आला आणि सगळ्यांचं पाकीट मारून गेला. मी फळा पुसला. विनोद समजावून सांगितला की मरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तो गुणांसाठी वापरला तरी मरतो, हे मी त्या रात्री शिकलो.

प्रश्न मुलांनीच विचारावेत हे बरं. त्यांनी विचारलेही. “सर, एवढ्या पोरांत मुलगी एकच का? आणि ती नुसती चहापाणी आणून का देते?” खरंच, एमिलची मावसबहीण पोनी हुटशेन सायकलवरून ऐटीत येते, सगळ्यांना नाश्ता देते आणि घरी जाते. १९२९च्या पुरुषाची नजर ती. प्रस्तावनेतल्या दक्षिण समुद्राच्या थट्टेत नरभक्षकांचं जे चित्र येतं, तीही त्या काळच्या युरोपची नजर. आज हे पुस्तक वर्गात घेणाऱ्यानं या जागा झाकू नयेत, वगळूही नयेत. मुलं थांबतील तिथं त्यांच्याबरोबर थांबावं. आपल्याकडे ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आहे, भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आहे, दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आहे. त्यांनाही हेच लागू पडतं.

आता ते तात्पर्य. ‘एमिल’च्या शेवटच्या प्रकरणाचं नावच असं आहे, की यातून शिकण्यासारखं काही आहे का? घरातली सगळी मंडळी बसली आहेत. एमिल म्हणतो, कुणावर विश्वास ठेवू नये हे मी शिकलो. आई म्हणते, मुलांना एकट्यानं प्रवासाला पाठवू नये. आजी दोघांनाही उडवून लावते. तिच्या मते धडा एकच, पैसे नेहमी मनिऑर्डरनं पाठवावेत! आणि हीच आजी पाहुण्या मुलांमध्ये खरी पाठ थोपटते ती मंगळ्याची. कारण तो मनाविरुद्ध फोनजवळ बसून राहिला.

मी हे सांगितलं आणि वर्ग कोसळला. मनिऑर्डर! त्या वर्गातला प्रत्येक जण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोस्टाच्या रांगेत उभा राहायचा. आपल्या देशात टपाल खात्याची मनिऑर्डर १८८० सालापासून चालत आलेली. मुंबईच्या गिरण्या आणि कोकणातल्या चुली यांच्यामधला तो पूलच होता. माझे अब्बा गिरणीत होते. पोस्टमन आमच्या पडवीत बसून नोटा मोजायचा, अम्मा अंगठा उठवायची, आणि कुपनावर अब्बांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या दोन ओळी मी वाचून दाखवायचो. माझं पहिलं जाहीर वाचन ते. १९८२च्या संपानंतर त्या ओळी यायच्या थांबल्या. पुढे २०१५मध्ये टपाल खात्यानं ती जुनी मनिऑर्डरही बंद केली.

तर त्या रात्री वर्ग हसत असताना मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. त्यांनी शांतपणे विचारलं, “काय चाललंय?” मी म्हटलं, “गोष्ट संपली, सर.” ते वर्गाकडे वळले. “छान. मग याचं तात्पर्य कोण सांगेल?”

दोन्ही बाजूंची बाकं एका सुरात ओरडली, “पैसे मनिऑर्डरनं पाठवावेत!”

नंतर मला कचेरीत बोलावणं आलं. माणूस वाईट नव्हता. निकालाची काळजी त्याला होती, आणि ती खोटी नव्हती. त्यांनी विचारलं, “हे परीक्षेला येणार आहे का, सर?” मी म्हटलं, “नाही.” “मग?” या ‘मग’ला मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या तासाला पुन्हा व्याकरण सुरू झालं. पुढचं पुस्तक मी पिशवीत घेऊन गेलो होतो. ते पिशवीतच राहिलं.

त्या ‘मग’चं उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे. युद्ध संपल्यावर जर्मनीची शहरं ढिगाऱ्याखाली असताना येला लेपमन नावाच्या बाईनं देशोदेशींच्या प्रकाशकांकडे मुलांची पुस्तकं मागितली. आधी प्रदर्शन भरवलं, मग १९४९मध्ये म्युनिचला आंतरराष्ट्रीय बाल-युवा ग्रंथालय उभं केलं. लोक म्हणत असतील, भाकरी नाही आणि ही बाई गोष्टीची पुस्तकं कसली मागते? केस्टनर तिच्या बरोबर होता. तिच्याच कल्पनेवरून त्यानं त्या वर्षी ‘प्राण्यांची परिषद’ हे पुस्तक लिहिलं आणि कॅनडातल्या ट्रिअरनं त्याची चित्रं काढली. १९६०मध्ये त्याला बालसाहित्याचा हान्स अँडरसन पुरस्कार मिळाला. २९ जुलै १९७४ रोजी तो म्युनिचमध्ये वारला. ज्या चौकात त्याची पुस्तकं जळाली, तिथं १९९५पासून जमिनीत एक काच बसवलेली आहे. खाली डोकावलं की पांढरी, रिकामी पुस्तकांची कपाटं दिसतात. एकही पुस्तक नाही. तिथंही कुणी तात्पर्य लिहायला नको होतं.

एका पुस्तकानं माझ्या वर्गातली बाकं पुन्हा मिसळली, असं मी म्हणणार नाही. बाकं मिसळायला वर्ष गेलं आणि काही मुलं शाळा सोडूनच गेली. पण त्या आठवड्यातलं एक दृश्य माझ्याजवळ आहे. शाळा सुटली की मुलं घोळक्यानं गल्लीतून स्टेशनकडे जात. जानेवारीनंतर घोळके दोन झाले होते, मध्ये पन्नास पावलांचं अंतर. त्या रात्री दिवे गेले होते. मी मागून चाललो होतो. पुढच्या घोळक्यातून कुणीतरी अंधारात ओरडलं, “कोण आहे रे? परवलीचा शब्द?”

क्षणभर गल्लीत काहीच ऐकू आलं नाही. मग मागच्या घोळक्यातून, एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या त्या छापखान्यातल्या मुलाचा आवाज आला, “एमिल!”

पुढचे थांबले. मागचे जाऊन मिळाले. दिवे आले तेव्हा सगळे एकत्रच चालत होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)